अचानक येणारी परीक्षा

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी बी.ए. होऊन आर्वीला घरी बसले होते आणि रोज घरातल्या कुणाशी तरी कडाकडा भांडत होते. तोंड माझं पहिल्यापासून फटकळ, आणि रिकामपण आल्यावर त्याला धार चढली होती. अशात कळलं की वर्ध्याच्या बाजूला एका डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतलाय आणि त्यांना खेड्यात राहून काम करणारी माणसं हवीत. मी पत्र टाकलं आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

अभ्यास मोठा मजेशीर होता. माणूस पडला, भाजला, त्याला साप चावला, तर तो दवाखान्यात पोचेपर्यंत लोक नेमकं काय काय करतात, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. आधी छापील प्रश्न विचारून लिहून घ्यायचं, मग त्या गावाला योग्य ते शिकवायचं आणि सहा महिन्यांनी गाव शिकलं की नाही ते तपासायचं. नेमणूकही सहा महिन्यांचीच होती. गाव शिकलं तर पुढे वाढणार, नाही तर घरी. घरी म्हणजे परत आर्वीला, त्याच भांडणांकडे. त्यामुळे काहीही करून माझं गाव पास झालं पाहिजे, एवढं मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

गाव देवळीहून आत होतं. फाट्यावर एसटी सोडायची आणि पुढे दोनेक मैल बैलबंडीची वाट. मला खोली मिळाली ती गावातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात. म्हाताऱ्यांना सगळं गाव आबाजी म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला माय. पेटी खाली ठेवेपर्यंत मला कळलं की ज्यांच्या विरुद्ध मला सहा महिने काम करायचं होतं, तेच आबाजी माझे घरमालक होते. साप चावला की पंचक्रोशीतली माणसं आबाजींकडे यायची.

आबाजींची पद्धत अशी. चावलेल्या माणसाला आधी निंबाचा पाला चावायला द्यायचा, मग हिरवी मिरची. पाला कडू लागला आणि मिरची तिखट लागली, तर विष चढलं नाही. पाला गोड लागला, तर चढलं. मग मंत्र, मग अंगारा, मग पुन्हा पाला. या कामाचा एक पैसा ते घेत नसत, आणि घेतला तर विद्या जाते असं त्यांचं ठाम मत होतं. बहुतेक साप बिनविषारी असल्यामुळे बहुतेकांना पाला कडूच लागायचा आणि आबाजींच्या हातगुणाची कीर्ती चारी दिशांना पसरायची. ज्यांना गोड लागायचा त्यांच्याबद्दल गावात कुणी फारसं बोलत नसे.

मी आल्याच्या दिवशी त्यांनी मलाही पाला दिला होता.

"कडू लागते का?"

"कडूजहर लागतो," मी थुंकत म्हणाले.

"मंग तुले काईच झालं नाई," आबाजी समाधानाने म्हणाले. "लिहून घे तुह्या कागदावर."

प्रश्न विचारण्याचं काम पहिल्या आठवड्यातच माझ्या डोक्यात गेलं. "हात कापला तर काय लावता?" असं विचारलं की समोरचा माणूस माझ्याकडे बघून आधी अंदाज घ्यायचा की बाईला काय आवडेल. मग म्हणायचा, "दवाखान्यात जातो." त्याच्या बोटाला तेव्हा चुना आणि हळदीचा लगदा थापलेला असायचा आणि वरून बिडीच्या पुड्याचा कागद चिकटवलेला असायचा. एका बाईने तर भाजल्यावर काय करता याला "दवाखाना" असं उत्तर देऊन आतून निळीची बाटली आणली, लेकीच्या हातावर नीळ ओतली आणि मला म्हणाली, "हे नका लिहू." मी चिडले, पण तिथेच हसूही आलं. पुढे मी प्रश्न विचारायचेच सोडले. चहा प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि घरातली बाटली कुठली, फडकं कुठलं, ते डोळ्यांनी बघून घ्यायचं.

शिकवायची वेळ आली तेव्हा मला मायचा शोध लागला. म्हातारी नवऱ्याच्या मंत्राविरुद्ध कधी अवाक्षर बोलत नसे, पण शिकवलेलं तिच्या डोक्यात एकदाच सांगून बसायचं आणि तिचा आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. मी तिला साप चावल्यावरची पाच कामं शिकवली. माणसाला आडवं करायचं. चालू द्यायचं नाही. चावलेला पाय हलू नये म्हणून दोन बाजूंना तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काठ्या, लावून बांधायचा, पण करकचून आवळायचा नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, पाला-मिरची द्यायची नाही. आणि सरळ बंडीत घालून फाट्यावर न्यायचं. मायने आळीतल्या बायका गोळा केल्या आणि पंधरा दिवसांत त्या पाचही कामं आरतीसारखी एका सुरात म्हणायला लागल्या. तुराट्यांची एक जुडी फडक्यांसकट मायच्या दाराआड कायमची उभी राहिली. आबाजी खाटेवर बसून हे सगळं बघायचे आणि म्हणायचे, "शिका, शिका. साप काई तुमचं पुस्तक वाचून येत नाई."

चौथ्या महिन्यात साहेब तपासणीला आले. साहेब म्हणजे अभ्यास चालवणारे डॉक्टर, मोठे हुशार आणि तितकेच संशयी. त्यांनी दहाएक घरी एकच प्रश्न विचारला आणि दहाही घरी त्यांना तेच उत्तर त्याच क्रमाने, त्याच सुरात मिळालं. मला वाटलं शाबासकी मिळणार. साहेबांनी चष्मा काढला.

"हे पाठांतर आहे," ते म्हणाले. "पाठ म्हणणं वेगळं आणि वेळ आल्यावर करणं वेगळं. मी एक दिवस माणूस पाठवणार. तो साप चावल्याचं सोंग करील. कधी पाठवीन, कुणाला पाठवीन, ते तुम्हालाही सांगणार नाही. गाव त्या परीक्षेत पास झालं तर तुमचं काम पुढे चालू. आणि याची गावात वाच्यता करायची नाही."

माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. चार महिने बंडीत हाडं खिळखिळी करून घेतली ती काय पाठांतरासाठी? साहेबांची जीप गावाबाहेर पडते न पडते तोच मी मायच्या ओसरीवर सगळ्या बायकांना बसवून सगळं सांगून टाकलं. वर स्वतःच्या पदरचंही घातलं. म्हटलं, तो माणूस परका असेल किंवा गावातलाच कुणी साहेबांनी फितवलेला असेल. तो विव्हळेल, रडेल, मला खरंच चावलंय म्हणून शपथा घेईल. आणि मुख्य म्हणजे तो निंबाचा पाला मागेल. तिथे जो फसला तो नापास.

"पाला मांगन?" मायने विचारलं.

"मागणारच. तीच तर मेख आहे."

"मांगू दे त्याले," माय म्हणाली आणि तिने पदर खोचला.

त्यानंतर त्या गावात कुणाला नुसतं अडखळायचीही सोय उरली नाही. बांगड्या विकायला येणारी एक बाई उपासामुळे चक्कर येऊन पारावर बसली, तर दहा मिनिटांत तिचे दोन्ही पाय तुराट्यांत बांधून झाले होते आणि बांगड्यांची पेटी तिच्या उशाला होती. तलाठी विहिरीजवळ घसरले. सरकारी माणूस म्हणजे साहेबांचाच माणूस, असा हिशोब करून लोकांनी त्यांना आडवं घातलं. "अरे, नुसता पाय मुरगळलाय!" असं ते ओरडत होते आणि लोक खूश होऊन म्हणत होते, "किती झ्याक करून राह्यला बे!" त्यांना फाट्यापर्यंत बंडीतून नेलं, येणारी एसटी हात आडवे करून थांबवली आणि आत चढवलं. पुढच्या वाराला त्याच ड्रायव्हरने फाट्यावर गाडी थांबवून मला सुनावलं, "बाई, तुमच्या नाटकापायी माही गाडी लेट होऊन राह्यली. आता अजून एक पेशंट आनला तं मी थांबतच नाई, सांगून ठेवतो." मी वरून माफी मागितली. मनातून मला गाव इतकं आवडायला लागलं होतं की साहेबांनी परीक्षा उद्याच घ्यावी असं वाटत होतं.

आबाजी मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. त्या महिन्यात त्यांच्याकडे कुणीच आलं नाही. एकदा संध्याकाळी ते मला म्हणाले, "पोरी, तू गावाले शिकवलं ते बरं केलं. पन मानूस भेला का त्याले कोनाचा तरी हात पाह्यजे असते डोक्यावर. तुह्या पाच कामात ते नाई लिहिलं." मी काहीतरी उडवाउडवीचं उत्तर दिलं. ते वाक्य मला आजही टोचतं.

मग एप्रिलातली ती दुपार आली. कापूस निघून गेला होता, शेतातून उपटून आणलेल्या पऱ्हाट्यांचा जळणाचा ढीग घरामागे रचलेला होता. आबाजी त्यातल्या पऱ्हाट्या ओढत होते. मी खोलीत कागद भरत बसले होते, तेवढ्यात त्यांची आरोळी ऐकू आली. मी बाहेर जाईपर्यंत माय पोचली होती आणि तिच्यामागे आळी.

आबाजी जमिनीवर बसले होते. दोन्ही हातांनी त्यांनी पाय धरला होता. "परड होती," ते म्हणाले. "चावली. माहा पाला आना."

माय क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने टाळी वाजवली.

"आली वं बाई, परीक्षा आली! त्या डॉक्टरले तुमीच सापडले का? तरीच म्हनलं, महिनाभर गुमसुम काऊन बसून राह्यले!"

"अवो, खरंच चावली!"

"पाला मांगला!" माय बायकांकडे वळून म्हणाली. "बाईनं सांगतलंच होतं, पाला मांगन म्हनून. आना तुराट्या!"

सगळी आळी हसत होती. कुणी म्हणालं, आबाजींनी दंडारीच्या नाटकात काम करायला पाहिजे होतं. मी पुढे होऊन वाकले आणि घोट्याच्या वर दोन भोकं बघितली. त्यांतून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. सूज माझ्या डोळ्यांदेखत वर चढत होती. परड म्हणजे पुस्तकातली घोणस. आबाजींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत सोंग नव्हतं.

मी तोंड उघडलं. खरं आहे, असं ओरडणारच होते. पण इतक्या महिन्यांचे भरलेले कागद माझ्या डोळ्यांपुढे आले. खरं आहे म्हटल्याबरोबर काय होतं, ते सगळं मीच लिहून घेतलं होतं. मायचे हात थरथरायला लागतील. कुणी रडेल, कुणी निंबावर चढेल, कुणी पलीकडच्या गावच्या जाणत्याला आणायला पळेल. आबाजी स्वतःच पाला चावत बसतील आणि गाव त्यांच्याभोवती बसून राहील. आत्ता या बायका हसत होत्या आणि त्यांचे हात स्थिर होते.

मी मनगटावरचं घड्याळ वर धरलं. "वेळ मोजतेय बरं का," मी म्हणाले. "साहेबांनी बजावलंय, फाट्यापर्यंत जितक्या लवकर पोचाल तितकं बरं."

बस, एवढंच म्हणाले. मायने तुराट्या लावल्या, फडकी बांधली, बोट घालून बघितलं की फार आवळलं नाही. चौघांनी आबाजींना उचललं. बंडी जुंपायला एरवी अर्धा तास लागायचा, ती त्या दिवशी आपोआप दारात उभी राहिली. मी त्यांच्या डोक्याशी बसले.

"पोरी," आबाजी हळूच म्हणाले, "तुले तं दिसते ना?"

"दिसतंय आबाजी."

"मंग सांग ना यायले."

"फाट्यावर सांगते. तोवर पाय हलवू नका."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. काय कळलं त्यांना कोण जाणे, पण त्यानंतर त्यांनी पाला मागितला नाही. डोळे मिटून ते पुटपुटायला लागले. मायने वाकून ऐकलं आणि मला विचारलं, "मंत्र म्हनून राह्यले. त्यानं आपले नंबर तं नाई कटत?"

"नाही कटत," मी म्हणाले आणि माझा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. 

फाट्यावर एसटी आली आणि नेमका तोच ड्रायव्हर. आम्हाला बघून त्याने कपाळाला हात लावला. मी पळत त्याच्या खिडकीशी गेले आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, आज खरं आहे. यांना सांगू नका." त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठातली बिडी फेकली आणि कंडक्टरला ओरडला, "घे लवकर!" मग वर्ध्यापर्यंत त्याने एकही थांबा घेतला नाही. मधल्या थांब्यांवर उतरणारे लोक घंटीची दोरी ओढून ओढून थकले, कंडक्टरची आई-माई काढली, पण त्याने मागे वळून बघितलं नाही.

माय निम्म्या वाटेपर्यंत खुशीत होती. बाईंना पगार चालू राहील, साहेब चकित होतील, असं शेजारणीला सांगत होती. मग तिने नवऱ्याचं तोंड पुसायला पदर घेतला आणि पदराला लाल लागलं. आबाजी पान खात नसत. मायने पुन्हा पुसलं, पुन्हा लाल लागलं. रक्त हिरड्यांतून येत होतं. तिने माझ्याकडे बघितलं.

"बाई, हे परीक्षा व्हय ना?"

आता मला खोटं बोलवेना. "नाही माय," मी म्हणाले.

मला वाटलं ती किंचाळेल. ती किंचाळली नाही. तिने तुराट्यांवर दोन्ही हात ठेवले, पाय घट्ट धरला आणि गाडी खड्ड्यातून उसळली तेव्हा त्या पायाला हिसका बसू नये म्हणून स्वतः खाली बसली. दवाखान्यात आबाजींना आत नेलं, सुई टोचली, सलाईन लावली आणि दार बंद झालं. तेव्हा तिने वळून माझ्या पाठीत असा एक सणसणीत धपाटा घातला की मी भिंतीवर आदळले. आणि मग माझ्याच गळ्यात पडून ती रडली. आम्ही दोघीही रडलो. आबाजी जगले, पण पंधरा दिवस तिथेच होते, आणि तो पाय जन्मभर थोडा ओढत चालले.

मी साहेबांना सगळं जसं घडलं तसं लिहून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"गावाने हे शिकल्यामुळे केलं की परीक्षा समजून केलं?"

"मला नाही माहीत, सर."

"घटना खरी. पण लोकांच्या दृष्टीने सराव. याला माझ्या तक्त्यात रकानाच नाही." त्यांनी पेन्सिलीने माझ्या कागदावर आडवी रेघ मारली. मग त्यांना मुख्य गोष्ट आठवली. "आणि परीक्षा होणार हे गावाला सांगितलं कुणी?"

"मी," मी म्हणाले. खोटं बोलायचा कोटा माझा त्या एसटीतच संपला होता.

नेमणूक वाढली नाही. ताकीद मीच मोडली होती, साहेबांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, तरी चार दिवस मी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. परीक्षाही रद्द झाली, कारण सांगून ठेवलेली अचानक परीक्षा घेऊन काय उपयोग? ती रद्द झाल्याचं मात्र मी गावात कुणालाच सांगितलं नाही. पेटी उचलली आणि आर्वीला परत जाऊन भांडायला लागले.

सात-आठ वर्षांनी, मी शाळेत मास्तरीण झाल्यावर, एका लग्नाला देवळीला गेले होते. तिथून वाट वाकडी करून गावात गेले. आबाजी दोन वर्षांपूर्वी गेले होते, आपल्या खाटेवर, म्हातारपणाने. मायने मला सांगितलं की त्या प्रसंगानंतर कुणी चावलेला माणूस आणला की आबाजी आधी त्याला बंडीत घालायला लावायचे आणि स्वतः सोबत बसायचे. मंत्र एसटीत म्हणायचे, त्याच्या डोक्यावर हात ठेवून, दवाखान्याच्या दारापर्यंत. कंडक्टर त्यांचं तिकीट घेत नसे. पाला त्यांनी परत कुणाला दिला नाही.

दाराआड तुराट्यांची जुडी तशीच उभी होती. तुराट्या नव्या होत्या, फडकीही धुतलेली होती.

मला राहवेना. "माय," मी म्हणाले, "एक सांगायचं राहून गेलं. ती परीक्षा..."

"येनार नाई," माय म्हणाली. "मले तवाच समजलं. तुह्यी नौकरी गेली, तं साहेब कायले येते?"

"मग हे?"

"गावाले कुठं सांगतलं मी? दर साली सांगतो, या साली साहेब मानूस धाडनार हाय म्हनून. कधी दिवाळीच्या मांगं, कधी उन्हाळ्यात. गेल्या साली म्हनलं, बाई मानूस येनार हाय." तिने आवाज खाली आणला. "तूही सांगजो नको कोनाले."

एवढ्यात तिची नवी नातसून चहा घेऊन बाहेर आली आणि तिने डोळ्यांनीच विचारलं, हे कोण?

"साहेबाच्या हापिसातली बाई हाय," माय म्हणाली. "पाह्याले आली, गाव तयार हाय का नाई ते."

मुलीने कप खाली ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि तिची नजर आधी दाराआडच्या जुडीकडे गेली. मी चेहरा शक्य तेवढा कडक केला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं.